इतिवृत्त कायम करणे

सभेची वेळ साडेतीन.
गणपूर्ती झाली चार वाजता,
तीही दळवेबाईंनी जिन्यात फोनवर बोलणाऱ्या खोतांना
दंडाला धरून आत आणलं म्हणून.
मी वही उघडली. तारीख, वार, उपस्थिती.
एकोणीस वर्षं झाली मला
दुसऱ्यांची वाक्यं तृतीयपुरुषात घालताना.

विषय एक, बस.
भांडुपच्या टेकडीखालची मिनीबस मार्चपासून बंद का?
उपक्रमाचे बोरवणकर उठले.
"प्रवासी भारमान कमी आढळून आलं."
"बसच नाही तर भारमान कशाचं काढलंत?" खोत गरजले,
"थांब्यावर काय बकऱ्या मोजल्या?"
मी लिहिलं: सदस्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली.
वैताग, टोमणा, टेबलावरची थाप, अर्धी गिळलेली शिवी,
सगळ्यांना आमच्याकडे
एकाच मापाचा सदरा शिवून ठेवलेला आहे.

विषय दोन, कचरा.
घनकचऱ्याचे निमकर, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं,
म्हणाले, घरोघरी संकलन शंभर टक्के.
नकाशाही दाखवला.
नकाशात निशाण टेकडी सपाट होती,
फिकट हिरवी.

दळवेबाई पदराने चष्मा पुसत होत्या.
पुसून झाला, घातला, मग म्हणाल्या,
"साहेब, गाडी थांबते दत्तमंदिराच्या वळणावर.
घरं वर. मध्ये पायऱ्या.
किती?"

निमकरांनी सहायकाकडे पाहिलं.
सहायकाने पंख्याकडे.

"दोनशे बारा.
वरच्या गल्लीतली मालती घाग
स्वतःच्या घराचा आणि तीन म्हाताऱ्यांचा कचरा घेऊन उतरते.
गाडी गेलेली असते.
ती तो परत वर नेते, साहेब.
परत वर.
शंभर टक्क्यांत हा फेरा कुठे धरता?"

निमकर म्हणाले, माहिती घेऊन सांगतो.
खोत चक्क गप्प होते.
कोणाच्या तरी बशीत बिस्किट विरघळून पडलं.

विषय तीन, विकासनिधी:
स्टेशनबाहेरच्या नाक्यावर रंगीत कारंजं.
एकमताने मंजूर.
(दळवेबाईंचाही हात वर होता. मी पाहिला.
कारंज्याच्या बदल्यात बालवाडीचं छप्पर, असं काहीतरी
चहाच्या वेळी ठरलं होतं. ते इतिवृत्तात येत नाही.)

संध्याकाळी मसुदा सबनीसांकडे गेला.
"दोनशे बारा? आधार काय?
मोजमाप पुस्तकात आहे?"
त्यांनी आकडा खोडला,
वर बारीक अक्षरात लिहिलं: अनेक.
अनेक पायऱ्या.
चढायला किती सोपा शब्द.

महिना गेला.
पुढच्या सभेचा पहिला विषय नेहमीचाच,
मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे.
यावर कधी कोणी बोलत नाही.
अध्यक्ष "कायम" म्हणतात
आणि त्याच श्वासात पुढच्या पानावर जातात.

"दुरुस्ती आहे," दळवेबाई उभ्या.
"पान चार. 'अनेक' काढा."
अध्यक्ष हसले. "बरं, दोनशे बारा करू."
"नाही. दोनशे दहा.
खालच्या दोन पाण्याच्या पाइपसाठी खोदल्या गेल्या आठवड्यात.
तुमच्याच लोकांनी.
आता तिथे फळी टाकली आहे. मालतीच्या नवऱ्याने."

निमकर खाली मान घालून काहीतरी लिहीत होते.
पहिल्यांदाच, स्वतःच्या पेनाने.
आकडा असेल, किंवा नुसत्या रेघोट्या,
माझ्या जागेवरून दिसत नव्हतं.

"नोंद घ्या," अध्यक्ष मला म्हणाले.
घेतली. आधी आकड्यात, मग अक्षरात,
चेकवर लिहितात तशी,
मध्ये कोणाला काही घुसवता येऊ नये म्हणून.

सुटलो तेव्हा लिफ्ट बंद होती.
उतरताना, उगाच, मोजायला लागलो.
एकसष्ट, बासष्ट…
तळमजल्याच्या वळणावर शिपाई शेलारने हाक मारली,
"साहेब, डबा विसरलात,"
आणि आकडा हुकला.
डबा घ्यायला परत वर गेलो.